पहिली वाट

धारवाडात मळमड्डीला जाऊन कुसुमावती कोण म्हणून विचारा, कुणी सांगणार नाही. नरगुंदकर बाई म्हणा, मग बघा. रिक्षावाला थेट फाटकापाशी नेऊन सोडील, आणि बाईंचे पाहुणे म्हणून वर दोन रुपये कमी घेईल. उभं आयुष्य मराठी शाळेत गणित शिकवलं त्यांनी. निम्म्या गावाला त्यांनी पाढे पाठ करायला लावले आणि उरलेल्या निम्म्याच्या तळहातावर त्यांची लाकडी पट्टी बसली. "हात पुढे कर," एवढंच म्हणायच्या, आवाज न चढवता. पोरगं मुकाट हात पुढे करायचं, तळवा वर, तोंड एका बाजूला.

आणि मार्क? मार्कांच्या बाबतीत बाईंचं मन म्हणजे दगड. अर्ध्या मार्कानं लटकलेल्या पोराचे आईबाप घरी यायचे, पेढे आणायचे, रडायचे. बाई चहा द्यायच्या, पेढे परत द्यायच्या, अर्धा मार्क द्यायच्या नाहीत. गणितात दया आली की गणित गेलं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर की चूक, ते देव जाणे. पण सगळ्यांना एकच माप होतं, हे त्यांचे दुश्मनसुद्धा कबूल करायचे.

लग्न राहून गेलं. का राहिलं, याच्या मळमड्डीत तीन-चार गोष्टी सांगतात, त्यातली एकही खरी नाही. खरी गोष्ट साधी होती. आई होती, आणि आईला दुसरं कुणी नव्हतं. शेवटची काही वर्षं तर आई अंथरुणावरच. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, वेणी घालायची. झोपताना म्हातारी लेकीचा हात घट्ट धरून ठेवायची, आणि बाई अवघडलेल्या तशाच बसून राहायच्या. बाई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी आई गेली. सगळं गाव भेटायला आलं. जो तो वाकून बाईंच्या पायाला हात लावायचा, लांब सतरंजीवर बसायचा आणि थोड्या वेळानं निघून जायचा.

तेव्हापासून हेच चाललेलं. बाजारात गेल्या की दुकानदार आतून खुर्ची आणायचा. बँकेत रांग मोडून वाट करून द्यायचे. कुणाच्या लग्नाला गेल्या तर पहिल्या ओळीत बसवायचे, आणि आजूबाजूच्या दोन खुर्च्या मोकळ्या राहायच्या, कारण बाईंच्या शेजारी बसायचा धीर कुणाला? पायाला हात सगळे लावतात, हाताला कुणी लावत नाही, हे एकदा आंघोळीच्या वेळी बाईंच्या लक्षात आलं आणि त्या तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आई गेल्यापासून आपल्याला कुणी धरलं कधी? आठवेना. डॉक्टरांनी नाडी बघितली होती, ती धरायची की नाही, याचा त्यांनी विचारसुद्धा केला.

दोन हजार चार साल. नोव्हेंबर लागला, की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून. त्याची झेरॉक्स काढायला बाई स्टेशन रोडच्या दुकानात गेल्या. पोऱ्यानं खुर्ची आणून ठेवली. बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवर एक जाहिरात दिसली, वर कानडी, खाली मराठी. 'लोखंडी वाटेनं घारकडा चढा. आपली कुवत ओळखा, आपली वाट निवडा.' खाली एक रंगीत फोटो. दहा-बारा माणसं एका दोरात बांधलेली, कड्याच्या अंगानं तिरकी चढताहेत. पुढच्यानं मागच्याचा हात धरलेला, त्यानं त्याच्या मागच्याचा, असं पार खालपर्यंत. एक पिकल्या केसांची बाई मधेच होती. एक हात वरच्यानं धरलेला, एक खालच्यानं, आणि ती हसत होती.

झेरॉक्स निघाली तरी बाई उठल्या नाहीत. पोऱ्याला वाटलं, बाईंना प्रत नीट आली नाही. त्यानं दुसरी काढली आणि पैसे घ्यायचं नाकारलं.

जाहिरातीखाली नाव होतं श्रीनिधीचं. हा बाईंचाच विद्यार्थी. आठवीत गणितात अर्ध्या मार्कानं राहिला होता आणि वर्षभर त्याच वर्गात बसला होता. पुढं पोरगं हुशार निघालं. धारवाडजवळच्याच बेलूरच्या एका कारखान्यात कामाला लागला, कंपनीनं मशीन शिकायला इटलीला धाडला, तिथं सुट्टीच्या दिवशी त्यानं डोंगरात लोखंडी वाट बघितली. कड्याला पोलादी तार ठोकलेली, पाय ठेवायला लोखंडी पायऱ्या, आणि साधीसुधी माणसं कमरेचा हूक तारेत अडकवून उभा कडा चढताहेत. परत आला ते वेड घेऊनच. चार दोस्त जमवले, जंगल खात्याच्या पायऱ्या झिजवल्या, आणि अळणावरच्या पलीकडं, रानात, घारकड्याला तसल्याच वाटा केल्या. एक नाही, तीन.

पहिली वाट सोपी. तिरकी, रुंद, पोराबाळांसाठी आणि वयस्कांसाठी. तिथं सगळ्यांना एका दोरात बांधायचे, आणि पाऊल उंच आलं की पुढच्यानं मागच्याला हात द्यायचा, हा नियमच. दुसरी वाट उभी. तिथं लोखंडी पायऱ्या आणि बाजूनं तार. कमरेच्या पट्ट्याला दोन हूक, ते तारेत अडकवत ज्यानं त्यानं आपलं आपण चढायचं. तिथं कुणी कुणाला धरायचं नाही. तिसरीचं तर नाव काढू नका. तिच्यात मधे तारेचा पूल होता, तो बघूनच चांगले चांगले मागं फिरायचे.

बाईंना पहिल्या वाटेवर जायचं होतं. बस्, एवढंच. त्यांना कडा नको होता, शिखर नको होतं. त्या दोरीत मधे कुठंतरी उभं राहायचं होतं, एक हात वर, एक हात खाली.

संध्याकाळी त्या श्रीनिधीकडं गेल्या. झालं, घरात धावपळ. खुर्ची आली, खुर्चीवर चादर आली, श्रीनिधीनं वाकून नमस्कार केला, मग बायकोनं, मग छोट्या मुलीनं. बाईंनी जाहिरातीचं काढलं. त्यांच्या ओठावर 'पहिली' शब्द आला होता, तेवढ्यात श्रीनिधीच म्हणाला, पहिल्या वाटेवर आमची ही चिमुरडीसुद्धा जाते, बाई. तुम्ही आणि पहिल्या वाटेवर? छे छे, शोभतं का ते? तुम्हाला दुसरी. चाचणी असते आधी, पण ती काय, नावाला.

बाईंनी आयुष्यभर हजार पोरांना उभं करून 'बोल, मोठ्यानं बोल' म्हटलं होतं. आता स्वतःची पाळी आली, तर तोंडातून शब्द फुटेना. मला हात धरायला माणूस पाहिजे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तेही ज्याला आठवीत ठेवला त्याला? बाई 'बरं' म्हणाल्या, चहा प्यायल्या आणि घरी आल्या.

चाचणी रायापूरच्या बाजूला, एका बंद पडलेल्या दगडखाणीत होती. बाई पंजाबी ड्रेस घालून गेल्या, जन्मात पहिल्यांदा. सगळ्यांनी बघितलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं. एकानं बसायला खुर्ची आणली होती, खाणीत!

श्रीनिधीनं नियम सांगितला. तार जिथं खडकाला ठोकलेली असते तिथं हूक अडतो. तो काढून सांध्याच्या पलीकडं लावायचा. पण एका वेळी एकच. पहिला पलीकडं बसला की मगच दुसरा काढायचा. दोन्ही एकदम काढले, की त्या क्षणी माणूस कशालाच बांधलेला नसतो. म्हणून ज्याचे दोन्ही निघाले तो नापास, त्यानं पहिल्या वाटेवर जायचं, त्यात वाद नाही.

रवी म्हणून एक बँकेतला तरुण होता, अंगानं तगडा, व्यायामशाळेतला. तो सरसर चढला आणि घाईत सांध्यापाशी दोन्ही हूक काढून बसला. श्रीनिधी खालून कडाडला. खाली उतर म्हणाला, पहिल्या वाटेवर जा, पुढच्या खेपेला बघू. रवीचं तोंड एवढंसं झालं, पण तो गुमान उतरला. एकच माप. बाईंना बरं वाटलं ते ऐकून. आपलं पोरगं शिकलं म्हणायचं.

मग बाई चढल्या. पायऱ्यांचं काही नाही, पाय धड होते. पण दंड भरून आले, आणि सांध्यापाशी आल्यावर त्यांना एवढंच वाटलं, की हे एकदाचं संपू दे. एक हूक काढला. दुसराही काढला. दोन्ही हातात. मग भानावर आल्या, धडपडत दोन्ही पलीकडं अडकवले आणि खाली बघितलं.

श्रीनिधीनं बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. श्रीनिधीनं मान वळवली, लांब कुठंतरी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "छान, बाई. दुसरी वाट."

रवीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. बाईंनी चुकावं आणि ते चूक म्हणावं, ही कल्पनाच त्या पोरांना जमत नव्हती. आपल्याकडचं हे असंच. ज्याचा मान राखायचा, त्याला खरं सांगायचं नाही. मग तो पडला तरी चालेल.

तो आठवडा बाईंना झोप लागली नाही. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचा अर्धा मार्क वाढवला नव्हता, कुणाकडून घेतलाही नव्हता. आता कमरेला न कमावलेले मार्क बांधून कडा चढायचा. जाऊन सांगावं, तर श्रीनिधी म्हणणार, काहीतरीच काय बाई, किती छान चढलात. न जावं, तर घरात बसून काय करायचं? भिंतीकडं बघायचं? शेवटी त्या परसात गेल्या आणि कपड्याच्या तारेवर दोन चिमटे लावून सराव करायला लागल्या. तारेला मधे गाठ होती. गाठीपाशी यायचं, एक चिमटा काढायचा, पलीकडं लावायचा, मग दुसरा. पुन्हा. पुन्हा. शेजारच्या सुमनताई कुंपणावरून बघत होत्या. दुसरं कुणी असतं तर त्यांनी हाक मारून विचारलं असतं, काय चाललंय म्हणून. बाई होत्या, म्हणून त्या आत निघून गेल्या. त्यांनी विचारावं, असं बाईंना फार वाटत होतं.

रविवारी मिनी बस निघाली. बाईंना ड्रायव्हरच्या मागची सीट राखून ठेवलेली. शेजारची जागा मोकळी, तिच्यावर बाईंची पिशवी. मागं पोरं अंगावर पडून हसत होती, भेंड्या चालल्या होत्या, एकमेकांच्या डब्यात हात घालत होती. बाईंना पुढं वेगळा डबा आला, झाकण लावून, वर चमचा.

कड्याच्या पायथ्याशी चार घरांची वाडी. तिथल्या हिराबाई मंडळींचा स्वयंपाक करायच्या. पन्नाशीच्या, काटक, तोंडानं फटकळ. त्या दिवशी त्यांनी श्रीनिधीपाशी हट्टच धरला होता. जन्म गेला या कड्याखाली म्हशी राखण्यात, म्हणाल्या, वर काय आहे ते बघितलं नाही. मलाबी न्या की, भात चढवून येते. श्रीनिधी हो म्हणाला होता, आणि पहिल्या वाटेची मंडळी कमरेला दोर बांधून, हिराबाईंचा भात कधी होतो याची वाट बघत बसली होती.

दुसऱ्या वाटेवर सगळ्यात पुढं श्रीनिधी, त्याच्या पाठोपाठ बाई. नजरेखाली असाव्यात म्हणून. बाकीच्यांना त्यानं खालीच थांबवलं, बाई वर पोचल्या की मग या म्हणाला. पोराचं तोंड उतरलेलं होतं. तोही झोपला नसावा. सारखा मागं वळून बघत होता, आणि बाईंनी बघितलं की हसत होता.

चढायला लागल्या. खडक उन्हानं तापला होता. खालची माणसं बोलत होती, मग त्यांचा आवाज बारीक झाला, मग नुसता वारा. दोन हूक, एक तार आणि आपण. बाईंना वाटलं, हे तर घरच झालं. घरीही असंच. कुणी ढकलत नाही, कुणी धरतही नाही. एवढ्यासाठी का आले मी एवढ्या लांब?

पहिल्या सांध्यापाशी त्यांनी चिमट्यांचं आठवून बरोबर केलं. दुसऱ्या सांध्यापाशी दंड भरून आले. बोटांना कळेना कुठला हूक काढलाय. एक हूक मोकळा होऊन हातात होता, पलीकडं लावलेला नव्हता, आणि त्यांचा तोच हात दुसऱ्या हुकाकडं गेला.

वरून श्रीनिधीनं बघितलं. रवीवर कसा कडाडला होता! आणि आता? "बाई," तो म्हणाला, "ते जरा... तुम्ही... म्हणजे आपलं..." त्याच्या मास्तरणीला तो थांब म्हणू शकत नव्हता. कडा असो की काय असो, जीभ वळत नव्हती.

बाईंचा हात आपोआप थांबला. त्या आवाजानं थांबला म्हणा. तीस पोरांच्या वर्गात उत्तर येत नसताना उभं राहिलेल्या पोराचा आवाज तो. त्यांनी हातातला हूक परत होता तिथंच अडकवला, दोन्ही ओढून बघितले, आणि कपाळ खडकाला टेकून थोडा वेळ नुसता श्वास घेतला. मग मान वर केली.

"श्रीनिधी," त्या म्हणाल्या, "खाणीत मी दोन्ही हूक काढले होते. तू बघितलंस."

"होय, बाई."

"मग पास कसा केलास?"

तो म्हणाला, "तुम्हाला कसं नापास करायचं, बाई?"

"जसं रवीला केलंस तसं." वारा सुटला होता, बाईंना आवाज चढवावा लागला. "कर नापास."

त्याचे डोळे भरून आले होते. तो मान हलवत राहिला.

"मोठ्यानं म्हण."

"बाई," श्रीनिधी म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेला, "तुम्ही नापास."

बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं, त्यांना मोकळा श्वास लागला. तो वरून, त्या खालून, एकेक पायरी करत दोघं उतरले. सांध्यापाशी तो सांगायचा, आता हा काढा, आता तो, आणि बाई शाळेतल्या पोरीसारखं ऐकायच्या. जमिनीला पाय लागले तेव्हा कुणीतरी खुर्ची आणायला धावलं. बाई तिकडं न बघता सरळ पहिल्या वाटेच्या दोरापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

रवी दोराच्या शेवटी होता. त्यानं आ वासून विचारलं, बाई, तुम्ही इकडं? नापास झाले, बाईंनी सांगितलं. त्यानं आपला दोर सरकवून त्यांना जागा केली. तेवढ्यात पदराला हात पुसत हिराबाई आल्या आणि त्यांना बाईंच्या मागं बांधलं. दोर संपला. पुढं रवी, मधे बाई, शेवटी हिराबाई.

वाट सोपी होती, पण कड्याची. थोडं वर गेल्यावर डाव्या हाताला सगळी पोकळी. पहिलं उंच पाऊल आलं, आणि रवी वर चढून थबकला. नियम होता, हात द्यायचा. पण बाईंना? त्यानं हात अर्धा पुढं केला, परत घेतला, मग मनगटाखाली नुसता धरल्यासारखा केला, देवाच्या मूर्तीला लांबून नैवेद्य दाखवतात तसा. बाईंनी स्वतःच खडकाला धरून पाऊल टाकलं. वाटलं, संपलं. इथंही तेच.

तेवढ्यात मागून हिराबाईंचा आवाज आला, आणि त्यात पूर्वीचा फटकळपणा औषधालाही नव्हता.

"अक्का, हात द्या की. मला भ्या वाटतंय."

अक्का! बाईंना अक्का म्हणणारं मळमड्डीत कुणी नव्हतं. त्यांनी वळून बघितलं. हिराबाईंना काय माहीत या कोण, किती पोरांना बडवलंय, किती आदर आहे गावात. त्यांना दिसत होता नुसता एक हात. बाईंनी तो खाली दिला. हिराबाईंनी असा गच्च धरला, की बोटं दुखली. खरबरीत, कांद्याच्या वासाचा, भीतीनं ओला झालेला तळवा.

"सोडू नका हं," हिराबाई म्हणाल्या.

"नाही सोडत," बाई म्हणाल्या. त्यांना एकदम आई आठवली, रडूच आलं, आणि ते वाऱ्यानं आलं असं समजून हिराबाईंनी काही विचारलं नाही.

मग सबंध वाट तो हात सुटला नाही. उंच पाऊल आलं तरी, सपाट आलं तरी. हिराबाई भीतीनं बडबडत होत्या, थोरल्या म्हशीचं, जावयाचं, भात लागला असेल त्याचं. बाई हूं हूं करत होत्या. वर पोचल्यावर सगळं रान पायाखाली आलं, लांब लोंढ्याकडं जाणारी आगगाडी दिसली, आणि हिराबाईंना आपल्या घराचं कौलारू छप्पर दिसलं. एवढुसं. त्या पोट धरून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी हात सोडला. दोर सुटला. मागच्या सोप्या पायवाटेनं हिराबाई तरातरा खाली गेल्या. भात बघायचा होता त्यांना.

खाली जेवणं झाली. पंगत जमिनीवर, गवतात, आणि बाईंना खुर्ची. एकच खुर्ची होती सगळ्यांत. हिराबाईंनी वाढताना कुणाकडून तरी ऐकलं असणार, कारण त्या आल्या तेव्हा पदर डोक्यावर ओढलेला होता. "बाई, अजून घ्या की जरा," असं अदबीनं म्हणाल्या आणि पुढं गेल्या. अक्का म्हणाल्या नाहीत. बाईंनी भात तसाच ठेवला.

परत येताना बसमध्ये त्या पिशवीशेजारी बसून होत्या. उजव्या हाताला अजून कांद्याचा वास होता. धारवाड येईपर्यंत त्यांनी तो धुतला नाही.

दिवेलागणीला बस मळमड्डीच्या कोपऱ्यावर थांबली. श्रीनिधी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आला. घर अंधारात होतं. तो म्हणाला, बाई, महिनाभर मी दर रविवारी तुम्हाला खाणीत नेतो, सराव करून घेतो. पुढच्या महिन्यात दुसरी वाट नक्की. तुम्हाला न जमायला काय झालं?

"नको," बाई म्हणाल्या. "तुला मी आठवीत ठेवला होता ना? तसं मला पहिल्या वाटेवर ठेव."

"वर्षभर?"

"जमेल तोवर."

"पण का, बाई? तिथं काय आहे? पोरं तर असतात."

बाईंनी किल्ली शोधली, सापडली, तरी कुलूप उघडलं नाही. आज सकाळपासून खरं बोलायची सवय लागली होती, ती अजून अंगात होती. "तिथं हात धरतात," त्या म्हणाल्या. "मला दुसरीकडं कुठं कुणी धरत नाही, श्रीनिधी."

अशा वेळी आपल्याकडं जे करतात तेच श्रीनिधी करायला लागला. पिशवी खाली ठेवली आणि नमस्काराला वाकला.

"पाया पडू नकोस," बाई म्हणाल्या. "हात पुढे कर."

तो ताठ झाला. बायको-मुलीचा धनी, चार माणसांना कड्यावर नेणारा, पण त्याचा हात आपोआप पुढं आला, तळवा वर, आणि तोंड एका बाजूला वळलं, आठवीत वळायचं तसं. बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. थोड्या वेळानं त्याची बोटं मिटली आणि त्यानंही धरला. कोपऱ्यावर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, वाजवू दे म्हणाल्या बाई.